सॅक्सोफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंदी चित्रपटगीते ऐकत मोठे झालेले रसिक, वाद्य शिकू इच्छिणारे विद्यार्थी आणि पाश्चात्त्य संगीताशी नुकतीच ओळख होऊ लागलेले वाचक यांच्याकडून या वाद्याविषयी जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. इतिहासाचे प्रश्न आधी घेतले असून खरेदी आणि देखभाल यांविषयीचे प्रश्न शेवटी आहेत.

सॅक्सोफोन कोणी तयार केला आणि कोणत्या गरजेतून?

बहुतेक वाद्यांचा जनक अमुक एक असे सांगता येत नाही. सॅक्सोफोनचा मात्र सांगता येतो. आजच्या बेल्जियममधील दिनां या गावी ६ नोव्हेंबर १८१४ रोजी जन्मलेल्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स यांनी १८४०च्या सुमारास हे वाद्य घडवले आणि १८४६मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट मिळवले. वडील शार्ल-जोसेफ सॅक्स हे स्वतः वाद्ये बनवणारे कारागीर असल्यामुळे मुलाचे शिक्षण घरच्या कारखान्यातच झाले. लहानपणी हा मुलगा जिन्यावरून कोसळला, टाचणी गिळून बसला, बंदुकीच्या दारूच्या स्फोटात भाजला आणि नदीत बुडता बुडता वाचला. हा काही जगायचा नाही, अशी गावाने खूणगाठच बांधली होती.

गरज होती ती लष्करी बँडची. मैदानात वाजणाऱ्या बँडमध्ये पितळी वाद्यांचा आवाज दणदणीत असे. क्लॅरिनेट, ओबो, बसून ही लाकडी वाद्ये त्यापुढे फिकी पडत, आणि तंतुवाद्ये तर उघड्या हवेत ऐकूच येत नसत. तंतुवाद्यांसारखा लवचीक, गाता येणारा स्वर आणि त्याला पितळी वाद्यांच्या जवळ जाणारा जोर, असा मिलाफ सॅक्स यांना हवा होता. १८३८मध्ये त्यांनी बास क्लॅरिनेटची सुधारलेली रचना केली होती आणि सॅक्सोफोनची कल्पना त्याच कामातून पुढे आली असावी, असे मानण्यास जागा आहे. कारण या नव्या वाद्याच्या पहिल्या नमुन्यांत खर्जातल्या मोठ्या आकाराच्या वाद्याचाच गाजावाजा अधिक झाला. संगीतकार हेक्टर बर्लिओझ यांनी जून १८४२मध्ये पॅरिसच्या एका वृत्तपत्रात सॅक्स यांच्या वाद्यांची तोंड भरून स्तुती केली, तेव्हा पेटंट मिळण्यास अजून चार वर्षे बाकी होती.

सॅक्सोफोन पितळेचा असतो, तरी त्याची गणना लाकडी वाद्यांत का होते?

पाश्चात्त्य वाद्यांची ही वर्गवारी वाद्याच्या अंगावरून ठरत नाही, स्वर कसा उत्पन्न होतो यावरून ठरते. ट्रम्पेटमध्ये वादकाचे ओठच थरथरतात. सॅक्सोफोनमध्ये माउथपीसवर बसवलेली एक पातळ पत्ती, म्हणजे रीड, थरथरते आणि क्लॅरिनेटचीही रीत हीच आहे. शिवाय स्वर बदलण्यासाठी नळीच्या अंगावरील भोके उघडावी व मिटावी लागतात, हेही लाकडी वाद्यांचेच लक्षण आहे. आपल्याकडील जुन्या वर्गवारीत हा पेच उद्भवतच नाही, कारण फुंकून वाजणारे ते सुषिर वाद्य, मग ते कशाचेही बनवलेले असो.

क्लॅरिनेटशी असलेले नाते मात्र रीडपाशीच संपते. क्लॅरिनेटची नळी बरीचशी सारख्या रुंदीची असते, तर सॅक्सोफोनची नळी तोंडापासून भोंग्याकडे सतत रुंदावत जाते. याचा परिणाम केवळ आकारापुरता नाही. क्लॅरिनेटवर वरच्या पट्टीत जाण्यासाठीची कळ दाबली असता स्वर एका सप्तकाने न चढता सप्तक आणि वर पंचम इतका चढतो. त्यामुळे खालच्या आणि वरच्या भागासाठी बोटांची मांडणी वेगळी शिकावी लागते. निमुळत्या नळीच्या वाद्यात तीच क्रिया नेमके एक सप्तक वर नेते. सॅक्सोफोनवर डाव्या अंगठ्याने एक कळ दाबली की बोटे तशीच राहून मध्य सप्तक तार सप्तकात जाते. नवशिक्याला हे वाद्य तुलनेने लवकर हाती लागते, त्याचे मोठे कारण हेच आहे. आपली सनईही निमुळत्या नळीचीच आहे. तिची पत्ती मात्र दुहेरी असते.

सॅक्सोफोनचे प्रकार किती आहेत?

सॅक्स यांनी एक वाद्य नव्हे, तर एक अख्खे कुटुंब आखले होते : सोप्रानिनोपासून काँट्राबासपर्यंतचे आकार, आणि त्यांचेही दोन संच. एक संच ऑर्केस्ट्रासाठी होता व दुसरा लष्करी बँडसाठी. ऑर्केस्ट्राचा संच जवळपास नामशेष झाला. आज जगभर वाजतात ते लष्करी संचाचे वंशज. नेहमीच्या वापरात चारच आहेत : सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन. सोप्रानो बहुधा सरळ असतो आणि दुरून पाहणाऱ्याला क्लॅरिनेटच वाटतो. आल्टोचे वजन अडीच किलोच्या आसपास असते, तर बॅरिटोन त्याच्या दुप्पट भरतो. त्याहून मोठे बास आणि काँट्राबास क्वचितच दिसतात. काँट्राबास माणसाच्या उंचीहूनही उंच असतो, आणि म्हणूनच म्युनिकच्या बेनेडिक्ट एपल्सहाइम यांनी १९९९मध्ये ‘ट्यूबॅक्स’ नावाची त्याची आटोपशीर आवृत्ती काढली.

सर्व आकारांची बोटे एकसारखी असतात, ही सॅक्स यांची मोठी सोय. पण तिची किंमत स्वरांच्या नावांत मोजावी लागते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर, आल्टोवादक ज्या बोटांना पांढरी एक म्हणतो, त्या बोटांनी प्रत्यक्षात काळी दोन वाजते, आणि टेनरवर त्याच बोटांनी काळी पाच वाजते. गायक पांढरी चारमध्ये गाणार असेल, तर आल्टोवादकाने आपल्या वाद्यावर पांढरी दोनचे बोट षड्ज धरावे लागते. साथीला नव्याने बसलेल्या वादकाची पहिली गडबड येथेच होते. हार्मोनियमवाला एक पट्टी सांगतो, सॅक्सोफोनवाला तीच आपल्या बोटांवर धरतो आणि पहिल्याच ओळीला दोघे दोन घरांत असतात. हा हिशेब कागदावर लिहून वाद्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवणारे वादक पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा वाटण्याचे काहीही कारण नाही.

लष्करी बँडमध्ये या वाद्याचा प्रवेश कसा झाला?

भांडणातून झाला. फ्रान्सच्या लष्करी बँडची अवस्था सुधारावी, असे सरकारला वाटत होते आणि सॅक्स यांनी आपल्या वाद्यांवर आधारलेली नवी मांडणी पुढे केली होती. पॅरिसमधील प्रस्थापित वाद्यनिर्माते अर्थातच खवळले. शेवटी २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानावर उघड सामना ठरला : एका बाजूला जुन्या मांडणीचा बँड, ज्याचे नेतृत्व मिकेले काराफा या संगीतकाराकडे होते, आणि दुसऱ्या बाजूला सॅक्स यांच्या मांडणीचा बँड. हजारो लोक ऐकायला जमले आणि त्यांचा कौल सॅक्स यांच्या बाजूने पडला. त्याच वर्षी लष्करी बँडच्या नव्या रचनेचा आदेश निघाला आणि त्यात सॅक्स यांच्या वाद्यांना अधिकृत स्थान मिळाले.

विजय फार टिकला नाही. १८४८च्या क्रांतीनंतर आलेल्या सरकारने हा आदेश फिरवला, आणि तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, १८५४मध्ये, तो पुन्हा बहुतांशी लागू झाला. राजवट बदलली की बँडमधील वाद्ये बदलायची, असा तो काळ होता.

सॅक्स यांचे पुढे काय झाले?

ते आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. प्रतिस्पर्ध्यांनी संघटना करून त्यांची पेटंटे रद्द व्हावीत म्हणून दावे लावले, सॅक्स यांनी उलट दावे लावले, आणि या लढायांत कारखान्याचा पैसा गेला. १८५२, १८७३ आणि १८७७ अशी तीनदा त्यांच्यावर दिवाळखोरीची वेळ आली. १८६६मध्ये सॅक्सोफोनच्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर निर्मात्यांना रान मोकळे झाले. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉयर या संगीतविद्यालयात १८५७पासून ते लष्करी विद्यार्थ्यांना सॅक्सोफोन शिकवत होते. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या सुमारास तो वर्गही बंद पडला. ७ फेब्रुवारी १८९४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जॅझ हा शब्दही जन्माला आला नव्हता. आज दिनां गावात पुलावर रंगीत सॅक्सोफोन उभे केलेले आहेत, आणि युरो येण्यापूर्वी बेल्जियमच्या २०० फ्रँकच्या नोटेवर सॅक्स यांचा चेहरा होता.

सिंफनी ऑर्केस्ट्रामध्ये सॅक्सोफोनला कायमची खुर्ची का मिळाली नाही?

वाद्यात काही उणे आहे म्हणून नव्हे. ऑर्केस्ट्राची मांडणी पक्की झाल्यावर हे वाद्य आले, पॅरिसच्या संगीतविश्वात त्याच्या निर्मात्याला शत्रू फार होते, आणि कॉन्झर्व्हेटॉयरचा वर्ग १८७०मध्ये बंद झाल्यावर तो १९४२मध्ये मार्सेल म्यूल यांच्या हाताखाली पुन्हा सुरू होईपर्यंत तब्बल सात दशके गेली. एवढ्या काळात उत्तम वादकांची पिढीच तयार होऊ शकली नाही, आणि वादक नाहीत म्हणून संगीतकार लिहीत नाहीत, संगीतकार लिहीत नाहीत म्हणून वादक नाहीत, असे दुष्टचक्र चालू राहिले.

तरीही मधूनमधून पाहुणा म्हणून हे वाद्य येत राहिले. जॉर्ज बिझे यांनी १८७२मध्ये ‘लार्लेझियन’च्या नाट्यसंगीतात आल्टो सॅक्सोफोन घेतला. मुसोर्गस्की यांच्या पियानोसाठीच्या चित्रमालिकेचे ऑर्केस्ट्रात रूपांतर करताना मॉरिस राव्हेल यांनी १९२२मध्ये जुन्या किल्ल्याचे वर्णन करणारी उदास धून आल्टोकडे सोपवली, आणि ती ऐकल्यावर दुसऱ्या कुठल्या वाद्यावर ती कल्पनेतही आणवत नाही. रशियन संगीतकार ग्लाझुनोव्ह यांचा सॅक्सोफोन कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्य व ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, १९३४चा.

सर्वांत गमतीची कथा फ्रेंच संगीतकार देब्युसी यांची आहे. बॉस्टनच्या एलिस हॉल या धनिक बाई प्रकृतीच्या कारणासाठी सॅक्सोफोन शिकल्या आणि या वाद्यासाठी पुरेशा रचना नाहीत हे लक्षात आल्यावर थेट फ्रेंच संगीतकारांकडून रचना विकत घेऊ लागल्या. देब्युसी यांनी पैसे आगाऊ घेतले आणि मग वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. १९१८मध्ये ते वारले तोवर ऑर्केस्ट्राचे लेखन अपुरेच होते. ते रोझे-ड्युकास यांनी पूर्ण केले आणि १९१९मध्ये ते प्रथम वाजले. एका हौशी वादक स्त्रीचे या वाद्याच्या वाङ्मयावर असलेले ऋण बऱ्याच नामवंत वादकांपेक्षा मोठे आहे.

हे वाद्य जॅझचा चेहरा कसे बनले?

थेट नव्हे. अमेरिकेत सॅक्सोफोन प्रथम लष्करी थाटाच्या मोठ्या बँडमधून आणि मग रंगमंचावरील विनोदी कार्यक्रमांतून लोकप्रिय झाला. विदूषकाच्या वेशात वाजवणारे ‘सिक्स ब्राउन ब्रदर्स’ हे त्यातले गाजलेले नाव. १९२०च्या दशकात तर सॅक्सोफोनचे वेडच पसरले, आणि इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील कॉन व ब्युशर या कारखान्यांतून ही वाद्ये मोठ्या संख्येने बाहेर पडू लागली. वाद्य स्वस्त झाले, घरोघर गेले, आणि न्यू ऑर्लिन्स, शिकागो व न्यूयॉर्क येथील कृष्णवर्णीय वादकांच्या हाती पडले. सुरुवातीच्या न्यू ऑर्लिन्स जॅझमध्ये मान होता कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनचा. सॅक्सोफोन नंतर आला.

पुढे जे झाले, त्याची कल्पना सॅक्स यांनाही करता आली नसती. त्यांनी माउथपीसची आतली पोकळी मोठी व गोलसर ठेवली होती, म्हणजे स्वर मऊ आणि सारखा राहावा. जॅझवाल्यांनी ती पोकळी अरुंद केली, रीड बदलल्या, ओठांची ठेवण बदलली, आणि एकाच नमुन्याच्या वाद्यातून प्रत्येकाने स्वतःचा आवाज काढला. या वाद्याचे चेहरे अनेक आहेत असे म्हणतात, ते यामुळेच : नळी तीच राहते, पण स्वर घडतो तो माउथपीस, रीड आणि वादकाचा गळा यांच्यामध्ये.

ऐकायला सुरुवात कोणापासून करावी?

सिडनी बेशे यांच्यापासून करावी. ते मूळ क्लॅरिनेटवादक. १९१९ मध्ये एका वाद्यवृंदाबरोबर लंडनला गेले असताना तेथील मुक्कामात त्यांनी सरळ सोप्रानो घेतला आणि पुढे त्यावर असा रुंद, थरथरता आवाज कमावला की ट्रम्पेटवाल्यांना त्यांच्यापुढे वाजवणे कठीण होई. त्यानंतर कोलमन हॉकिन्स. टेनरला एकल वाद्याची प्रतिष्ठा हॉकिन्स यांनी मिळवून दिली. ‘बॉडी अँड सोल’चे ऑक्टोबर १९३९चे त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना एक गोष्ट मुद्दाम टिपावी : मूळ चाल ते जेमतेम सुरुवातीला दाखवतात आणि नंतर केवळ तिच्या स्वरसंगतीवर नवे बांधकाम करत जातात. बंदिशीचा मुखडा सांगून लगेच विस्ताराला लागणाऱ्या आपल्या गवयाच्या श्रोत्याला हे परके वाटणार नाही.

हॉकिन्स यांचा स्वर जाड, तर लेस्टर यंग यांचा हलका, सरकता. टेनरचे हे दोन घराणेदार मार्ग तेथूनच फुटतात. चार्ली पार्कर (१९२०–१९५५) यांनी आल्टोवर बीबॉप या वेगवान जॅझशैलीची भाषा घडवली. जॉन कोल्ट्रेन (१९२६–१९६७) यांच्या टेनरमध्ये साधकाची तगमग ऐकू येते. विस्मरणात चाललेल्या सोप्रानोला त्यांनीच १९६०नंतर पुन्हा वर आणले. भारतीय रागसंगीताचे त्यांना खोल आकर्षण होते, १९६१मध्ये त्यांनी ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि आपल्या मुलाचे नाव रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले. सॉनी रॉलिन्स यांची गोष्ट आणखी निराळी. कीर्ती शिखरावर असताना, १९५९मध्ये, आपले वाजवणे पुरे पडत नाही असे वाटून त्यांनी मैफली थांबवल्या आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन् तास रियाज केला. १९६१पर्यंत हा क्रम चालला. त्याच दशकाच्या अखेरीस ते भारतात आले आणि मुंबईत पवईच्या एका आश्रमात काही काळ राहिले.

ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील पॉल गोन्साल्व्हिस यांचे नाव ऐकून आपल्याकडे अनेकांना ते गोव्याचे वाटतात. ते मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेले, केप व्हर्दी बेटांवरून आलेल्या कुटुंबातले. १९५६च्या न्यूपोर्ट महोत्सवात त्यांनी एकाच रचनेत सलग २७ आवर्तने वाजवून श्रोत्यांना खुर्च्यांवरून उठवले होते.

सॅक्सोफोनवर कधी बंदी आली होती का?

सरसकट बंदी नाही, संशय मात्र पुष्कळ वेळा आला. नाझी जर्मनीत १९३८मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ‘अधःपतित संगीत’ म्हणून जे प्रदर्शन भरवले गेले, त्याच्या भित्तिपत्रकावर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय वादकाचे विकृत व्यंगचित्र होते. सोव्हिएत रशियात स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत, १९४९च्या सुमारास, मॉस्कोतील वादकांना आपले सॅक्सोफोन सरकारजमा करावे लागले. दोन्हीकडे राग वाद्यावर नव्हता. ते ज्यांच्या हाती होते त्यांच्यावर होता.

भारतात सॅक्सोफोन कोणी रुजवला?

लष्करी व संस्थानी बँडमधून तो आधीच आला होता, पण शहरी भारताला त्याची गोडी लागली ती १९३०च्या दशकात. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि नंतर पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनीही तेथे बस्तान बसवले. हे ऐकून जे स्थानिक वादक तयार झाले, त्यांत रूडी कॉटन या नावाने वाजवणारे पारशी टेनरवादक होते आणि फार मोठ्या संख्येने गोमंतकीय होते.

गोव्याचा हा वाटा योगायोगाने आलेला नाही. पोर्तुगीज काळात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणारा मेस्त्री कडक असे. हा पाया घेऊन मुंबईला आलेली मुले धोबी तलावाच्या आसपासच्या ‘कुडां’त, म्हणजे आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या वसतिगृहांत, उतरत आणि हॉटेलचा बँड, लष्करी बँड वा सिनेमाचा स्टुडिओ यांपैकी जेथे काम मिळेल तेथे लागत. कागदावरचे संगीत नजरेसरशी वाजवण्याचे कौशल्य त्या काळी मुंबईत त्यांच्याइतके कोणाकडेच नव्हते. या परंपरेतले ब्राझ गोन्साल्व्हिस यांनी रागांचे स्वर जॅझमध्ये आणण्याचे प्रयोग केले. १९७०ची त्यांची ‘रागा रॉक’ ही तबकडी मिळाल्यास जरूर ऐकावी. १९७८पासून मुंबईत भरू लागलेल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवामुळे जगभरचे सॅक्सोफोनवादक रंगभवनाच्या खुल्या मंचावर ऐकायला मिळाले.

हिंदी चित्रपटगीतांतला तो सॅक्सोफोन कोणाचा?

१९६० आणि १९७०च्या दशकांतील गाणे असेल आणि सॅक्सोफोन मनात घर करून राहिला असेल, तर बहुधा मनोहारी सिंग यांचा. नेपाळी वंशाचे हे वादक १९३१मध्ये कोलकात्यात जन्मले, बाटा कंपनीच्या बँडमध्ये आणि तेथील हॉटेलांत तयार झाले, १९५८मध्ये मुंबईला आले आणि १३ जुलै २०१०ला त्यांचे निधन होईपर्यंत वाजवत राहिले. राहुल देव बर्मन यांच्याकडे बासू चक्रवर्ती यांच्यासह ते संगीत संयोजनाची धुरा वाहत.

‘है दुनिया उसी की’ हे १९६४मधील ‘काश्मीर की कली’चे गाणे लक्ष देऊन ऐकावे. रफींची ओळ संपते तेथे सॅक्सोफोन लगेच उडी घेत नाही. किंचित उशिरा, स्वराच्या खालून सरकत वर येतो आणि गायकाने सोडलेला दारुड्याचा हेलकावा तसाच पुढे चालवतो. हे वाजवणे जॅझचे नाही. त्यात गायकीचे कान आहेत. चित्रपटसृष्टीने या वाद्याला पार्टी, नशा आणि विरह एवढ्याच जागा दिल्या, ही तक्रार रास्त आहे. पण त्या जागा मनोहारी सिंग यांनी अशा भरल्या की आज सर्वसामान्य मराठी श्रोत्याला सॅक्सोफोनचा आवाज म्हणून तोच आठवतो. पडद्यावर नायकाच्या हाती वाद्य असते आणि श्रेयनामावलीत वादकाचे नाव नसते, ही त्या काळाची रीत होती.

रागसंगीत सॅक्सोफोनवर वाजते का?

कर्नाटक संगीत वाजते, आणि ते सिद्ध करणाऱ्याचे नाव कद्री गोपालनाथ. १९४९मध्ये मंगळुरूजवळ नागस्वरम वाजवणाऱ्या घरात जन्मलेल्या गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि हेच वाद्य घ्यायचे असे ठरवले. मंगळुरूला एन. गोपालकृष्ण अय्यर आणि चेन्नईला टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे ते शिकले. १९८०मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन वादक जॉन हँडी यांनी त्यांना ऐकून आपल्याबरोबर मंचावर घेतले, १९९४मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये त्यांनी वाजवले आणि २००४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी ते गेले, तोवर दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यावर देवळांत आणि लग्नांत नागस्वरमच्या जागी सॅक्सोफोन ही नेहमीची गोष्ट झाली होती.

अडचण कोठे आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. कळांनी उघडणारी भोके बारा ठरावीक स्वर देतात आणि बासरीसारखे बोट हळूहळू सरकवून मींड काढता येत नाही. मग मींड आणि गमक ओठांचा दाब, गळ्याची पोकळी आणि अर्धवट दाबलेल्या कळा यांतून काढावे लागतात. गोपालनाथ यांनी हे साधले. पण त्यासाठी लागणारी वर्षे मोजण्याची तयारी थोड्यांकडेच असते. हिंदुस्थानी संगीतात हे वाद्य अजून उपरेच आहे. आमच्या मते याला स्वरांपेक्षा विलंबित लय अधिक कारणीभूत आहे : एकेका स्वरावर दीर्घ काळ थांबून त्याच्या सूक्ष्म जागा दाखवायच्या, तर ओठ फार लवकर थकतात. सनई आणि बासरी यांनी ती जागा आधीच उत्तम रीतीने भरून काढली आहे, हेही खरे.

लग्नाच्या बँडमधले वाद्य हेच का?

होय, बहुधा आल्टो. वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांच्याबरोबर तो वाजतो आणि चालत वाजवायचा असल्यामुळे गळपट्ट्यावर टांगलेला असतो. या वादकांना शेकडो चाली पाठ असतात. मैफलीच्या वादकाने त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. सॅक्स यांनी हे वाद्य उघड्या हवेतील मिरवणुकीसाठीच तर घडवले होते.

नवशिक्याने कोणता सॅक्सोफोन घ्यावा? सोनेरी आणि चंदेरी यांत फरक पडतो का?

आल्टो घ्यावा. तो हातात मावतो, श्वास फार खात नाही आणि चित्रपटगीतांचा सराव त्यावर चांगला होतो. सोप्रानो लहान दिसतो म्हणून मुलांना देतात, पण तो सुरात ठेवणे सर्वांत कठीण असते. दहा-अकरा वर्षांखालील मुलांसाठी आल्टोही जड ठरू शकतो. अशा वेळी क्लॅरिनेटवर सुरुवात करून पुढे इकडे वळता येते. परीक्षा द्यायच्या असतील, तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा भारतात देता येतात.

रंगाचा फरक डोळ्यांना पडतो. धातूवरील मुलाम्याने स्वर बदलतो, असे विक्रेते ठासून सांगतात. नळीचा आकार, माउथपीस आणि रीड यांच्यापुढे तो परिणाम नगण्य आहे. चार्ली पार्कर यांनी १९५३मध्ये टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये जी विख्यात मैफल केली, तीत त्यांच्या हाती ग्राफ्टन कंपनीचा प्लॅस्टिकचा आल्टो होता, आणि पार्कर पार्करसारखेच ऐकू आले. म्हणून पैसे मर्यादित असतील, तर मध्यम वाद्य आणि चांगला माउथपीस ही जोडी निवडावी. सेल्मर, यामाहा आणि यानागिसावा ही नावे खात्रीची आहेत. तैवानच्या होऊली भागातील कारखान्यांची वाद्येही आता चांगली निघतात. जुने वाद्य घेताना प्रत्येक पॅड, म्हणजे भोक मिटवणारी कळेखालची गादी, भोकावर नीट बसते का आणि कळांचे दांडे ढिले झाले आहेत का, हे जाणत्याकडून तपासून घ्यावे. केवळ चकाकी पाहून व्यवहार करू नये. रीड दीड किंवा दोन क्रमांकाची घ्यावी. जाड रीडने मोठा वादक होता येते, हा गैरसमज पहिल्या महिन्यातच ओठ सोलून काढतो.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळ्यात वाद्य कसे सांभाळावे?

वाजवून झाले की रीड लगेच काढावी, पुसावी आणि चपट्या खोक्यात ठेवावी. माउथपीसवर तशीच राहिलेली रीड जुलैत दोन-तीन दिवसांतच काळ्या ठिपक्यांनी भरते. असे ठिपके दिसले की ती टाकून द्यावी, धुऊन वापरू नये. रीड ही अरुंडो डोनॅक्स नावाच्या उंच गवताच्या दांड्यापासून बनते आणि ओल पिण्याचा तिचा स्वभावच आहे; पावसाळ्यापुरती कृत्रिम रीड वापरणे हा व्यवहार्य उपाय आहे, स्वर थोडा कोरडा लागला तरी.

नळीतून मऊ कापड ओढून थुंकीची ओल काढावी. पॅड चामड्याचे असतात आणि ओलीमुळे भोकाला चिकटतात. सर्वांत आधी कुरकुर करते ती डाव्या करंगळीची जी शार्पची, म्हणजे काळी चारची कळ, कारण ती एरवी मिटलेलीच असते. पॅडखाली पातळ, शाई न लागलेला कागद सरकवावा, कळ हलकेच दाबावी, मग कळ उचलून कागद बाहेर घ्यावा. दाबलेल्या स्थितीत कागद ओढला तर चामडे फाटते. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण पेटी कपाटाच्या भिंतीलगतच्या बाजूस ठेवू नये. मानेवरील बुचाला अधूनमधून खास ग्रीस लावावे. खोबरेल तेल लावण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, तिने बूच फुगून सुटे होते. सारे करूनही पॅड काही वर्षांनी बदलावेच लागतात, आणि ते काम घरी करण्यासारखे नाही. वाद्य घेतानाच दुरुस्ती करणारा कारागीर कोण आणि तो कोठे बसतो, याची चौकशी करून ठेवावी.